शांत गरुडाला चप्पल लागल्याचे प्रकरण

लहान मुलाने ऑनलाइन पोकर खेळावा की खेळू नये, याचा निर्णय त्याच्या आईवडिलांनी घ्यायचा असतो, अशी एक समजूत जगात आहे. ही समजूत ज्या देशांत आहे तिथे चुलते नसावेत. इरबिद या अरबी शहरात प्रत्येक मुलामागे सरासरी चार चुलते, तीन आत्या आणि चुलत्याचेच काम पाहणारा एक शेजारी (विनावेतन) असतो. त्यामुळे मूल वाढवण्याचे काम आईवडिलांकडे फारसे उरत नाही. त्यांनी मुलाला जन्म द्यावा, शाळेत घालावे आणि बाकीच्या बाबतीत मंडळी काय म्हणतात ते ऐकून घ्यावे, अशी साधारण कामाची वाटणी आहे.

आकिफने या वाटणीला कधीही हरकत घेतली नव्हती. तो पाणी खात्यात मीटर विभागाचा प्रमुख होता, आणि हरकत घेतलेली कागदपत्रे पुढे कुठे जातात हे त्याला आतून ठाऊक होते. तीन मजली घर. तळमजल्यावर आत्या, हाज्जा नोफा. पहिल्या मजल्यावर थोरला भाऊ खलदून. दुसऱ्या मजल्यावर आकिफ, त्याची बायको हनादी आणि त्यांची उशिरा झालेली एकुलती एक मुलगी जूद, वय वर्षे आठ. गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि बकरी ईदसाठी आणलेला खलदूनचा मेंढा.

जूद पोकरकडे वळली ती मकलूबामुळे. भात, मांस आणि वांगी शिजवून ते अख्खे पातेले ताटात उलटे करायचे असते, आणि ते काम चालू असताना घरात मूल मोकळे असून चालत नाही. म्हणून हनादीने तिच्या हातात फोन दिला. फोनमधल्या खेळाने विचारले, आपले वय अठरा पूर्ण आहे काय? जूदने दुसरी पूर्ण केली होती. तिने "होय" दाबले. हे तिच्या आयुष्यातले पहिले प्रतिज्ञापत्र. पुढे नाव विचारले गेले. समोर फोडलेले टरबूज होते, म्हणून तिने "टरबूज" असे लिहिले.

खेळातली नाणी खोटी होती, हे इथे नमूद केले पाहिजे. रोज सकाळी ती फुकट मिळत आणि संध्याकाळपर्यंत बहुतेकांची संपत. जूदची संपत नसत. महिनाभरात तिच्याकडे इतकी खोटी नाणी जमली की खेळाने तिला आपण होऊन एक सोन्याची खुर्ची दिली (तीही खोटी). आकिफला हे कळले ते तो तिला पाढे म्हणायला बसवायला गेला तेव्हा.

"हनादी, ही पोरगी जुगार खेळतेय!"

"अहो अबू जूद, हळू बोला. नाणी खोटी आहेत ती." (अबू जूद म्हणजे जूदचे बाबा.)

"नाणी खोटी, पण जुगार खरा ना?"

"खरं काय आणि खोटं काय ते तुम्ही ठरवा. मी तासभर शांतपणे स्वयंपाक केला, तेवढं मात्र खरं आहे."

अशा रीतीने प्रकरण आईवडिलांच्या पातळीवर सुटत नाही असे निष्पन्न झाल्यामुळे ते तळमजल्यावर वर्ग करण्यात आले.

शुक्रवारी जेवणानंतर आत्याच्या बैठकीत मंडळी जमली. खलदूनने सुरुवात केली. तो मशिदीच्या समितीवर होता आणि तरनीबमध्ये अख्ख्या गल्लीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तरनीब हा पत्त्यांचा खेळ घरातले सर्व पुरुष दर गुरुवारी खेळतात. त्यात पत्ते असतात, भिडू असतो, भिडूच्या सात पिढ्यांचा उद्धार असतो; पण पत्ते कागदाचे असल्यामुळे तो आपल्या संस्कृतीत मोडतो. खलदूनचे म्हणणे असे पडले की पोकर वाईटच, मात्र पोरीचे गणित सुधारले आहे काय, हे आधी तपासावे. एका चुलतभावाने सांगितले की परदेशात हे मुलांना शाळेत शिकवतात. कोणत्या देशात, असे विचारल्यावर तो म्हणाला, थंड देशात. दुसऱ्याने मत दिले की खोटी नाणी लावणे हा जुगार नसून फसवणूक आहे आणि फसवणुकीची शिक्षा कमी असते. सतरा जण बसले होते आणि तेवीस मते पडली, कारण काहींनी कॉफीच्या आधी एक आणि नंतर एक दिले.

इमामसाहेबांनाही फोन लावण्यात आला. ते म्हणाले, "फोन काढून घ्या आणि पोरीला अंगणात खेळायला पाठवा." एवढ्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर एवढे लहान असू शकत नाही, यावर मात्र सर्वांचे एकमत झाले. इमामसाहेब घाईत असावेत, असे मानून तो मुद्दा सोडून देण्यात आला.

शेवटी आत्या बोलली. ती इतका वेळ मण्यांची माळ ओढत होती.

"पत्ते बित्ते राहू द्या तिकडे. मला आधी सांगा, समोर बसतात ती माणसं कुणाची? कोणत्या घरातली? पोरगी रोज कुणाबरोबर उठते-बसते, ते एकालाही ठाऊक नाही. लाज वाटत नाही तुम्हाला?"

पत्त्यांबद्दल वाद घालता येतो. घराण्यांबद्दल माहिती नसणे ही सरळ नामुष्कीच. त्यामुळे असे ठरले की मेजावर बसणाऱ्या खेळाडूंची कुळे शोधून काढावीत आणि तोवर जूदने खलदूनच्या देखरेखीखाली खेळत राहावे. "तोवर" हा शब्द आकिफला खटकला. पण त्याच्या खात्यात अर्धे शहर "तोवर" बसवलेल्या मीटरवर चालले होते, त्यामुळे त्याला बोलायला तोंड नव्हते.

यानंतरच्या बुधवारी जूद जेवताना म्हणाली, "बाबा, मी आज गरुडाला चप्पल मारली."

"शाबास," आकिफ म्हणाला. तो मसुराचे सूप ओरपत होता आणि त्याला वाटले, शाळेतले नाटक असेल.

खुलासा असा, की या खेळात जिंकणाऱ्याला हरणाऱ्यावर एक चित्र फेकता येते. गुलाब, टोमॅटो, बर्फाचा खडा आणि चप्पल अशी चार चित्रे उपलब्ध आहेत. जूदकडे गुलाब शिल्लक नव्हते. समोर "शांत गरुड" नावाचा खेळाडू होता. बराच वेळ चाललेल्या डावात तिने एकदम आपली सगळी नाणी पुढे ढकलली. गरुड पुष्कळ वेळ थांबला आणि त्याने हार मानून पत्ते टाकून दिले. तिने नाणी ओढून घेतली आणि त्याच्या तोंडावर चप्पल मारली. (चप्पल लाल होती आणि आवाजही करत होती.) मग तिने खाली लिहिले, "जायला हवं. आमचा मेंढा जिना उतरून पळाला."

हा मेंढा त्या दिवशी विद्यापीठाच्या रस्त्यावर पाऊण तास धावत होता. मागे खलदून, त्याच्या मागे दोन भाजीवाले आणि एक वाहतूक पोलीस. इरबिदमध्ये हे पाहिले नाही असा मनुष्य त्या दिवशी शहराबाहेर होता असे समजावे. तेव्हा "आमचा मेंढा" एवढा पत्ता गरुडाला पुरून उरला. शिवाय गरुड म्हणजे निवृत्त ब्रिगेडियर हायिल पाशा. त्यांची सारी नोकरी लोकांचे पत्ते शोधण्यात आणि चेहरे वाचण्यात गेली होती, आणि निवृत्तीनंतर ते टीव्हीवर बसून परराष्ट्रांच्या मनात काय आहे ते सांगत असत.

दुसऱ्याच दिवशी दोन्ही घरांशी सोयरीक असलेला एक औषध दुकानदार आत्याच्या बैठकीत येऊन बसला. त्याने सरबत घेतले, प्रकृतीची चौकशी केली, मेंढ्याची चौकशी केली आणि मग खाली बघत म्हणाला, "पाशांना तुमच्या घरातून चप्पल लागली आहे."

"या अल्ला," खलदून म्हणाला.

"ते काही मागत नाहीत. पण जेवत नाहीत. तुमच्यातला टरबूज कोण, एवढं त्यांच्या घराण्याला कळलं पाहिजे."

म्हणजे टरबूज हा कुणीतरी मिशीवाला पुरुष आहे, याबद्दल पाशांच्या मनात शंका नव्हती. आकिफने तोंड उघडले होते, "अहो, ती तर आमची...", तेवढ्यात आत्याने त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की पुढचे शब्द घशातच राहिले.

दुकानदार गेल्यावर ती म्हणाली, "गाढवा, काय सांगणार होतास? पाशाला आठ वर्षांच्या पोरीने चप्पल मारली म्हणून? अरे, मोठ्या माणसाने मारली तर ते भांडण असतं. लहान पोरीने मारली तर तो आयुष्यभराचा हसण्याचा विषय होतो. तो मिटत नाही."

"आणि पोरीचं नाव?" हनादी दारातून म्हणाली. ती एरवी या बैठकीत बोलत नसे. "तिचं काय होईल?"

पोरीच्या नावाचा विचार आकिफने केला, तो तेव्हा. या शहरात एक सभ्य घराणे आहे, त्यांच्या पणजोबांचा पाय एका लग्नात मसुराच्या पातेल्यात पडला होता. त्या घराण्यात आज दोन सर्जन आणि एक न्यायाधीश आहेत. लोक त्यांना मसूरवाले म्हणतात. न्यायाधीश शिक्षा सुनावतात तेव्हाही मागच्या बाकावर कुणीतरी शेजाऱ्याला पातेल्याचा किस्सा सांगत असतो. जूद उद्या पंचवीस वर्षांची होईल, कुणाची तरी आई कुणाच्या तरी कानाला लागून विचारेल, "हीच ना ती? जुगारी? चप्पलवाली?" आणि जूद आत्ता गच्चीवर मेंढ्याच्या शिंगाला रिबीन बांधत होती. आकिफला तिच्यावर ओरडायचे होते, आणि तिला उचलून घ्यायचेही होते. दोन्ही न करता तो बसून राहिला.

आता घरातला टरबूज कोण, हे ठरवणे भाग होते. खलदून मशिदीच्या समितीवर, म्हणून बाद. चुलतभावांची लग्ने ठरायची, म्हणून ते बाद. आत्या म्हणाली, "माझं नाव सांगा. म्हातारीची चप्पल म्हणजे आशीर्वादच." पण आत्याला फोन उचलायलाही दुसरे माणूस लागते हे सर्वश्रुत होते. याप्रमाणे एकेक नाव गाळत गेल्यावर आकिफ उरला. घरात पोकरला विरोध करणारा तो एकटा मनुष्य, आणि जुगारी म्हणून त्याचीच नेमणूक झाली. सरकारी खात्यांतही नेमणुका साधारण याच पद्धतीने होत असल्यामुळे त्याला त्यात नवल वाटले नाही.

"मला तर तरनीबसुद्धा धड येत नाही," तो म्हणाला.

"तुला कोण खेळायला सांगतंय?" खलदून म्हणाला. "नुसतं बसायचं. बोलायला माणूस नेऊ आपण."

बोलायचा माणूस म्हणजे माजी मंत्री मुफलिह बे. ते कधीकाळी काही महिने मंत्री होते. कशाचे, ते आता कुणाला नक्की आठवत नाही. त्यानंतर मात्र ते सलग माजी मंत्री आहेत, आणि हे पद अधिक कष्टाचे आहे. शहरात कुठेही लग्न जुळवायचे असो की भांडण मिटवायचे, वजनदार पुरुषांचे शिष्टमंडळ, म्हणजे जाहा, घेऊन जाणे त्यांच्याकडे असते. जाहाचा नियम सोपा आहे. समोरच्याच्या घरी जायचे. तो कडू कॉफी पुढे करतो. म्होरक्याने कप घ्यायचा, खाली ठेवायचा आणि मागणी मान्य होईपर्यंत तोंडाला लावायचा नाही. पाहुणा कॉफी न पिता उठला तर त्या घराला पुढे गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. म्हणजे मागणाऱ्याच्या हातात तसे काहीच नसते. तो फक्त पीत नाही.

शनिवारी दुपारच्या नमाजानंतर गाड्यांची रांग लागली. हनादीने जूदला कडक इस्त्रीचा फ्रॉक घातला आणि आकिफच्या स्वाधीन केले. "घेऊन जा तिला. मी तिच्यापाशी थांबले तर माझा हात उठेल, किंवा मला हसू येईल." वाटेत आकिफने जूदला तंबी दिली, की तिथे एक अक्षर बोलायचे नाही. तिने मान हलवली आणि मग ओठांवर बोट ठेवून पूर्ण प्रवास केला.

पाशांच्या कुळाच्या सभागृहात शे-दोनशे पुरुष भिंतीला पाठ लावून बसले होते. डोक्याला लाल-पांढरे रुमाल, चेहरे गंभीर. एखादा खून मिटवायला यावे तसे वातावरण. मधोमध हायिल पाशा. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती. मुफलिह बे उठले. त्यांनी आकाश आणि पृथ्वीच्या निर्मितीपासून सुरुवात केली, दोन्ही कुळांच्या विहिरींवर आले, पाशांच्या शौर्यावर आले, आणि पोकर हा शब्द एकदाही न उच्चारता त्याला तीन बाजूंनी स्पर्श करून गेले. "ती जी काही यांत्रिक गोष्ट झाली," असे त्यांनी एकदा म्हटले. दुसऱ्यांदा म्हणाले, "ती जी वस्तू पायातली, पण प्रत्यक्षात पायात नसलेली."

मग त्यांनी कप खाली ठेवला.

जूद आकिफच्या कानाशी लागली. "बाबा, त्यांना तहान नाही लागली?"

"श्श. मान्य होईपर्यंत प्यायची नसते."

"आणि मान्य नाही झालं तर?"

"होतंच."

"म्हणजे त्यांच्या हातात काहीच नाहीये," जूद कुजबुजली. "मी पण असंच करते."

आकिफने तिचे बोट पुन्हा तिच्या ओठांवर ठेवले.

अशा वेळी यजमानाने म्हणायचे असते, "कॉफी प्या, तुम्ही जे मागायला आलात ते तुमचं झालं." सगळे त्याच वाक्याची वाट पाहत होते, कारण आतून मन्सफचा, म्हणजे दह्यात शिजवलेल्या मटणाचा आणि भाताचा, वास यायला लागला होता. पण पाशांनी हात वर केला.

"माझं काही मागणं नाही," ते म्हणाले. आवाज बसलेला होता. "चप्पल मी विसरलो. अल्लाची शपथ, चप्पल मी त्याच दिवशी विसरलो. मला टरबुजाला फक्त एक विचारायचंय." ते आकिफकडे वळले. "अबू जूद, मेजावर पाच पत्ते उघडे होते. दोन राजे, एक नश्शी, चौकी आणि तिर्री. माझ्या हातात काय होतं ते माझ्यापाशी राहू द्या. तुम्ही सगळं पुढं लोटलंत आणि मी पत्ते टाकले. तेव्हापासून मला झोप नाही. मर्दासारखं सांगा. तुमच्या हातात काय होतं?"

नुसते बसायचे, असे आकिफला सांगण्यात आले होते. जूद त्याची बाही ओढायला लागली. तिला बाथरूमला जायचे असेल असे वाटून तो म्हणाला, "थांब बाळ." त्याने एका अधिकाऱ्याप्रमाणे विचार केला. पत्त्यांत सर्वांत मोठा एक्का, हे त्याला तरनीबमुळे माहीत होते. एक्के चार असतात, हेही माहीत होते. ज्याच्याकडे सगळे एक्के आहेत त्याच्यापुढे पत्ते टाकणे ही कुणाचीही नामुष्की होऊ शकत नाही. म्हणजे पाशांची इज्जत राहील, प्रकरण मिटेल, आणि पोरीचे नाव कायमचे मागे पडेल.

"चार एक्के," तो म्हणाला.

त्या क्षणी सभागृहात एक विचित्र गोष्ट घडली. निदान साठ पुरुषांना एकदम खोकला आला. पाशांचे दोन पुतणे उठून पाणी आणायला गेले, दोघेही एकाच पेल्यासाठी. एका दाढीवाल्या गृहस्थाने रुमालाचे टोक तोंडात कोंबले. इमामसाहेबांना हे सगळे काय चालले आहे ते कळेना. त्यांच्यासारखे आणखी थोडेजण होते, आणि ते एकमेकांना शोधत होते. मुफलिह बे डोळे मिटून बसले. त्यांचे खांदे हलत होते.

आपण काहीतरी भयंकर बोललो, एवढे आकिफला समजले. काय, ते समजले नाही. पाशा त्याच्याकडे टक लावून पाहत होते. ज्या नजरेपुढे एकेकाळी हेरांनी आपापल्या आज्यांची नावे सांगितली, ती नजर आकिफच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरली, पुन्हा वर गेली. खोटे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर कुठेतरी काहीतरी हलते. आकिफच्या चेहऱ्यावर काहीही हलले नाही, कारण आपण किती मोठे खोटे बोललो आहोत हे त्याला ठाऊकच नव्हते. त्याच्या कुशीत एक मुलगी होती आणि तिला घेऊन सुखरूप घरी जायचे होते, एवढेच त्याच्या मनात होते, आणि तेच चेहऱ्यावर होते.

पाशांपुढे दोन मार्ग होते. हा मनुष्य थापा मारतो आहे असे म्हणावे, म्हणजे आपण थापेला भिऊन पत्ते टाकले हे दोन्ही कुळांसमोर कबूल करावे. किंवा.

"मला वाटलंच होतं," पाशा सावकाश म्हणाले. "चार एक्केच असणार. म्हणून तर टाकले." त्यांनी आजूबाजूला पाहिले. कुणाची काही हरकत? कुणाचीही नव्हती. हरकत घ्यायची तर हा खेळ आपल्याला येतो असे आधी सांगावे लागले असते, आणि त्या सभागृहात असा एकही मनुष्य हजर नव्हता.

"प्या, मुफलिह बे, कॉफी प्या."

बेंनी एका घोटात कप रिकामा केला. दोन्ही कुळे उठून गळ्यात गळे घालू लागली. मन्सफ आला. पाशांनी स्वतःच्या हाताने मांसाचे मऊ तुकडे आकिफपुढे सारले आणि त्याच्या दंडाला धरून हळूच म्हणाले, "तुमच्यासारखा थंड माणूस मी सबंध नोकरीत पाहिला नाही."

परतताना गाडी पाशांच्या गल्लीतून बाहेर पडली. मग जूदने ओठांवरचे बोट काढले.

"बाबा, चार एक्के असूच शकत नाहीत."

"का?"

"हातात फक्त दोन पत्ते असतात. बाकीचे मेजावर, सगळ्यांसमोर. मेजावर एकही एक्का नव्हता. मग तुमच्याकडे चार कुठून आले?"

आकिफने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. साठ माणसे का खोकली, ते त्याच्या डोक्यात एकेका चेहऱ्यासकट उजाडत गेले. बँकेचा मॅनेजर. मुख्याध्यापक. औषधवाला. आणि, हे त्याला सर्वांत लागले, सख्खा भाऊ खलदून, जो मशिदीच्या समितीवर होता आणि त्या क्षणी छताकडे पाहत ओठ चावत होता.

"तुझ्याकडे काय होतं मग?"

"दुर्री आणि सत्ती. दोन्ही वेगळ्या रंगाची."

"म्हणजे काहीच नव्हतं?"

"काहीच नव्हतं."

"मग एवढा मोठा माणूस घाबरला कशाला?"

"मी घाबरले नाही म्हणून," जूद म्हणाली. मग तिने विचारले, "बाबा, तुम्ही त्यांच्याशी खोटं बोललात?"

"नाही बेटा. समेट केला."

"आणि त्यांना माहीत होतं?"

"हो."

"आणि सगळ्यांना?"

आकिफला खोटे बोलवेना. "बऱ्याच जणांना."

जूद खिडकीबाहेर पाहत राहिली. "मी खेळते तेव्हा त्याला जुगार म्हणतात," ती म्हणाली, पण तक्रार म्हणून नव्हे. पाढा नीट लक्षात ठेवावा तसे ती ते लक्षात ठेवत होती. आकिफने तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला अभिमान वाटला आणि लगेच भीतीही वाटली.

पुढच्या शुक्रवारी तळमजल्यावर अंतिम निर्णय झाला. लहान मुलाने ऑनलाइन पोकर खेळू नये, असे एकमताने ठरले. कारण या खेळात हातात काही नसताना तोंड सरळ ठेवून समोरच्याला हटवायचे असते, आणि हे काम जबाबदार वयाच्या माणसांचे आहे. जूदचा फोन अभ्यासासाठी खलदूनकडे जमा करण्यात आला. (अभ्यास रात्री उशिरापर्यंत चालतो.) मात्र टरबुजाने मेज सोडू नये अशी पाशांची विनंती आली. तोडीचा प्रतिस्पर्धी निवृत्तीनंतर मिळत नाही, असे त्यांनी कळवले होते, आणि समेट झालेल्या घराचा शब्द मोडता येत नाही. म्हणून दर सोमवारी संध्याकाळी आकिफ आपल्या फोनवर टरबूज होऊन बसतो आणि जूद त्याच्या शेजारी बसून त्याला काय दाबायचे ते सांगते. ती खेळत नाही. ती सल्ला देते. गृहपाठ आधी करून घेते, अशी अट हनादीने घातली आहे.

शहरात कुणीही जूदचे नाव घेत नाही. आकिफलाही कुणी चिडवत नाही, कारण चिडवायला तोंड उघडणाऱ्याला आधी स्वतःचे सांगावे लागेल. तो बाजारातून जातो तेव्हा लोक अदबीने बाजूला होतात आणि जरासे खोकतात.

आता प्रस्तुत प्रकरणात एकच बाब अनिर्णित राहते. "चार एक्के" हे शब्द वाचताक्षणीच, जूदने गाडीत समजावून सांगण्याच्या कितीतरी आधी, ज्या वाचकांना हसू फुटले, त्यांना ते नेमके कशामुळे फुटले, याचा खुलासा त्यांनी घरी करून ठेवावा. शेजारी लहान मूल बसले असेल, तर त्याला विचारण्याच्या भानगडीत पडू नये. त्याने तुमचा चेहरा केव्हाच वाचला आहे, आणि सोयीची वेळ येईपर्यंत ते गप्प राहील.